मोमोच्या गाडीतली माताजी

माझी बायको अलकनंदा हिला गेल्या पाडव्याला हिमाचलात लोकांनी देवी ठरवलं. मी तिचा नवरा, बळवंत. केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त. देवीच्या नवऱ्याला काय मान असतो ते मला त्या दिवशी कळलं. मला चपला सांभाळायला बसवलं होतं.

पण देवीपणाच्या आधीची अलकनंदा सांगायला हवी, नाहीतर लोकांना वाटेल की ती पहिल्यापासूनच पोचलेली होती. ती मूळची मिरजेची. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा तिला हिंदीतली चार वाक्यं येत होती आणि ती चारही भाजीवाल्याशी भांडायच्या कामाची होती. पुढे भांडणं वाढली तशी हिंदीही वाढली. आम्ही राहायचो मुनिरक्यात, डीडीएच्या, म्हणजे दिल्लीच्या म्हाडाच्या, फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांतून शिकणारी पोरं कोंबलेली. त्यातल्या मराठी पोरांना आमच्या घराचा वास बरोबर यायचा. कुणी आजारी पडलं की मऊ भात, कुणी पास झालं की शिरा, आणि कुणी नापास झालं की जास्त शिरा. आल्यागेल्याला खायला घातल्याशिवाय सोडायचं नाही, हा तिचा एकमेव धर्म. माझ्या ताटातलं लोणी मात्र डॉक्टरांनी बंद केल्यापासून तिनं असं बंद केलं की त्या खात्याचा कारभार बघून मलाच सरकारची लाज वाटली.

आणि इतकी वर्षं दिल्लीत राहून आम्ही उत्तरेला कधी गेलो नाही. सरकारी नोकराला गावी जायला रजा आणि भाडं मिळतं. मिळालं की दिल्लीतला मराठी माणूस डोळे मिटून दक्षिणेची गाडी पकडतो. शेजारचे पंजाबी लोक उन्हाळ्यात मनालीला जायचे, आम्ही त्याच उन्हाळ्यात मिरजेला घाम पुसत बसायचो. पानिपतच्या पुढे न जायची आमच्या लोकांना जुनी सवय आहे, तिला कारणही आहे म्हणा. "एकदा बर्फ बघायचाय हो," असं अलकनंदा दर हिवाळ्यात म्हणायची आणि मी दर हिवाळ्यात "बघू" म्हणायचो. सरकारी भाषेत याला सकारात्मक उत्तर म्हणतात.

तर गेल्या जानेवारीत मी दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढताना घसरलो. पाय मुरगळला, पिशव्या फुटल्या, जिन्यात दूधच दूध. आमचा मुलगा चैतन्य गुरुग्रामला असतो. एकोणिसाव्या मजल्यावर, काचेच्या घरात. तो धावत आला आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "बाबा, बस. बहुत हो गया. आता तुम्ही दोघं आमच्याकडे शिफ्ट व्हा. तिकडे लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, सगळं आहे."

सगळं आहे हे खरंच होतं. त्याच्या आधीची दिवाळी आम्ही तिथेच काढली होती. सून रेवती गुणी मुलगी. तिनं अलकनंदाला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाली, "आई, आयुष्यभर केलंत. आता फक्त बसायचं." अलकनंदा चकल्या करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तर तिथल्या स्वयंपाक्यानं हात जोडले. "आंटीजी, आप बैठिए. तेल उड़ेगा, टाइल खराब हो जाएगी." मग ती बसली. अख्खी दिवाळी बसली. समोर ताट यायचं, ती जेवायची. कुणी पाया पडायचं, ती आशीर्वाद द्यायची. नात देवयानी येऊन फोटो काढून जायची. मला ते घर आवडलं नाही याचं कारण वेगळं होतं. तिथे माझी पेपर वाचायची खुर्ची नव्हती.

म्हणून मी चैतन्यला ठणकावून सांगितलं, आम्ही मुनिरका सोडणार नाही. आम्ही म्हातारे झालेलो नाही. अलकनंदा तेव्हा शेजारी बसून वाती वळत होती. ती काही बोलली नाही आणि मी ते मौन माझ्या खात्यात जमा केलं. ठरल्या मुदतीत हरकत आली नाही की संमती धरायची, हा नियम मी नोकरीभर पाळला होता.

आम्ही म्हातारे नाही हे सिद्ध कसं करायचं? इथे माझ्या डोक्यात ट्रेलर शिरला. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या मुलानं मोमो विकायला चाकांवरची एक खोली बनवून घेतली होती. गाडीला मागून जोडायची. भडक लाल रंग, आत शेगडी, ओटा, पाण्याची टाकी, आणि एका बाजूला मोठी खिडकी. खिडकीची झडप वर उचलली की छप्पर व्हायचं आणि खाली गिऱ्हाइकासाठी फळी. मोमो चालले नाहीत. मी तो ट्रेलर घेतला, आत दोन बाकं टाकून वर गाद्या घातल्या, 'मोमो' या अक्षरांवर लाल रंगाचा हात मारला आणि करोल बागेतून आमच्या गाडीला मागे हूक बसवून आणला. ऊन पडलं की रंगाखालून 'मोमो' अजून दिसायचं. नाकापेक्षा मोती जड अशी एकूण परिस्थिती होती. अलकनंदानं खाली उतरून एकदा आत डोकावलं, शेगडीची ज्योत पेटवून पाहिली, बंद केली. "शेगडी चांगली आहे," एवढंच म्हणाली.

चैतन्य हे बघून डोकं धरून बसला. शेवटी त्यानं अट घातली. "ठीक आहे, जा. जाऊन बर्फ बघून या. पण रस्त्यात एक भी लफडा झाला ना बाबा, तर हा डबा विकायचा आणि चुपचाप गुरुग्राम. डन?"

"डन," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. ट्रेलर जोडलेली गाडी मला मागे घेता येत नव्हती हे मी त्याला सांगितलं नाही. ती मागे घेताना चाक उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. मी ठरवलं, आपण पुढेच जायचं.

मार्चच्या मध्याला निघालो. अलकनंदानं ट्रेलरमध्ये मिरजेपासूनचा संसार भरला होता. पोळपाट, पुरणयंत्र, लोणच्याच्या बरण्या, देव, समई, आणि गॅलरीत कपडे वाळत घालायची वेळूची काठी. काठी कशाला, म्हणून मी विचारलं. "वाटेत पाडवा आहे," ती म्हणाली. पानिपत ओलांडलं तेव्हा मी हॉर्न वाजवला. एका ट्रकवाल्यानं मला शिवी दिली. त्याला इतिहास माहीत नसावा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी हिमाचलातल्या उना गावाच्या पुढे एका ढाब्यामागच्या मैदानात मुक्काम केला. ढाबेवाले सरदारजी मोठे दिलदार. कडुलिंबाच्या झाडाखाली जागा दिली, पाणी दिलं, म्हणाले, "अपना घर समझो जी." समोरच्या रस्त्यावरून लाल झेंडे घेतलेले लोक चालत जात होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. इथेच चुकलो. महाराष्ट्रात ज्या दिवशी पाडवा असतो, त्याच दिवशी उत्तरेत चैत्रातलं नवरात्र बसतं आणि त्या भागातल्या डोंगराडोंगरांवर देवीची ठाणी आहेत. चाळीस वर्षं उत्तरेत पगार खाऊन मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. सुटी दोन्हींची एकच यायची, तिच्या पलीकडे कोण बघतो!

सकाळी अलकनंदानं मला उठवून ट्रेलरच्या टपावर चढवलं. काठीला तिची लाल पैठणी, वर पालथा तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, आणि साखरेच्या गाठींऐवजी दिल्लीहून आणलेल्या बत्ताशांची माळ. गुढी अशी झोकात उभी राहिली की मी खाली उतरून तिला सलाम ठोकला. अटकेपार नाही, पण अंबाल्यापार तरी झेंडा लागला होता. अलकनंदा नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू अशी आत गेली. फळीवर तिनं समई लावली, उदबत्ती लावली. श्रीखंडाचा चक्का रात्रीच टांगला होता. पुऱ्या तळायला घेतल्या आणि धूर कोंडायला लागला म्हणून खिडकीची झडप वर उचलली. गुडघे दुखतात म्हणून ती उंच स्टुलावर बसली होती.

आता हे बाहेरून कसं दिसत असेल ते बघा. लाल रंगाची गाडी. वर लाल रेशमी वस्त्र आणि कलश. खाली चौकटीत दिवा, धूप, आणि धुराच्या मागे नथ घातलेली एक प्रसन्न बाई उंचावर बसलेली.

पहिली बाई रस्त्यावरून वळली, फळीपाशी आली आणि तिनं डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. अलकनंदाला वाटलं सणाचा नमस्कार आहे. तिनं हसून पुरीवर श्रीखंड घालून दिलं. बाईनं ते कपाळाला लावलं. मागून तिच्या बरोबरचे आले. मग एक टेम्पो थांबला. बघता बघता मैदानात रांग लागली आणि "जय माता दी"चा गजर सुरू झाला.

"अहो!" आतून हाक आली. "हे काय चाललंय? थांबवा ना!"

मी पुढे होऊन माझ्या ऑफिसच्या आवाजात म्हणालो, "देखिए, आप लोगों को गलतफ़हमी हुई है। ये मेरी धर्मपत्नी हैं।"

"अंकल जी, वो तो सबकी माता हैं," एकजण म्हणाला आणि मला प्रेमानं बाजूला सारलं. अलकनंदानं स्वतः सांगून पाहिलं, "मैं माता-बिता कुछ नहीं हूँ, मैं मिरज की हूँ." तर रांगेत कुजबूज झाली की असली माता असंच म्हणते. सरदारजींना मी डोळ्यांनी खुणावलं. ते गर्दीला सांगत होते, "दिल्ली से आई हैं जी, बड़ी दूर से." त्यांच्या ढाब्यावर इतकी गर्दी वर्षभरात झाली नसेल, मग ते कशाला ताकास तूर लागू देतील! आणि एका झेंडेवाल्यानं मला झाडाखाली बसवलं. "अंकल जी, ज़रा जूते देखना."

तर मी जोडे बघत होतो आणि अलकनंदा पुऱ्या तळत होती. कारण रांगेतली माणसं चालून आलेली होती, आणि दारात आलेल्याला काही न देता परत पाठवणं तिला देवी होऊनही जमलं नसतं. ज्यांचा उपास होता त्यांनी पुरी रुमालात बांधून घेतली आणि श्रीखंड तिथेच चाटलं. लोक फळीवर नाणी ठेवायचे, ती उचलून त्यांच्याच पोरांच्या हातात द्यायची. ती हसत होती. घामानं कुंकू ओघळलं होतं, हाताला पीठ होतं आणि ती मिरजेच्या हिंदीत प्रत्येकाला "और एक लो" म्हणत होती. मी रागावलो होतो हे खरं, पण तिला इतकी खूष मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती हेही खरं.

मग एक म्हातारी आली. काठी टेकत, एका गुडघ्यावर कापड बांधलेलं. तिनं पुरी घेतली नाही. फळीला धरून उभी राहिली आणि विचारलं, "माताजी, बेटा चंडीगढ़ बुलाता है। मेरे घुटने रह गए, यहाँ अकेली हूँ। पर वहाँ बहू कुछ करने नहीं देती, कहती है बैठो। आप बताओ, जाऊँ कि न जाऊँ?"

अलकनंदाचा झारा कढईवरच थांबला. तिनं गॅस बारीक केला. मी झाडाखालून ऐकत होतो आणि मला खात्री होती की ती 'मत जाओ' म्हणणार. माझी बायको आहे, माझ्यासारखाच विचार करणार.

"जाओ," अलकनंदा म्हणाली. "घुटनों का सुनो. हम सीढ़ी चढ़ चढ़ के किसको दिखाते हैं? पर अपना चूल्हा साथ लेके जाओ. वो लोग बोलेंगे बैठो, तो बैठना नहीं. मैं एक दिवाली बैठी थी. सामने थाली आती थी, लोग पैर छूते थे, फोटो निकालते थे. बैठ बैठ के आदमी मूर्ति हो जाता है, बाई."

शेवटी 'बाई' मराठीतच आलं. म्हातारी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला, आणि मग दोन पुऱ्या मागून घेतल्या. मी चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी बसून राहिलो. कुणीतरी आपले जोडे मागत होतं, मी त्याला भलतेच दिले.

दुपारी फोन वाजला. या देशात चमत्कार हळू होतो, पण त्याचा व्हिडिओ लगेच पोचतो.

"बाबा!" चैतन्य ओरडत होता. "आई माता बन गई है? यार, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय! लोक मला विचारतायत की दर्शन कब से शुरू है! मी म्हणालो होतो ना, एक लफडा?"

"हा लफडा नाही, हा सण आहे," मी म्हणालो. "ती गुढी आहे. तुला गुढी आठवते का?"

"वो डंडा? बाबा, प्लीज. डील म्हणजे डील."

मी सरकारी पद्धतीनं मुद्दा लांबवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात अलकनंदानं खिडकीतून पिठाचा हात काढून फोन मागितला. "चैतन्य, आम्ही येतो," ती म्हणाली. "कायमचे येतो. पण ट्रेलर विकायचा नाही. तो तुमच्या बिल्डिंगखाली लागेल. तुझ्या टाइलला मी हात लावणार नाही, माझी शेगडी खाली राहील. झोपायला लिफ्टनं वर येईन. चालेल?"

"आई, पार्किंगचे रूल्स आहेत," तो म्हणाला.

"मग मी इथेच राहते. इथे मला लोक माता म्हणतात."

"अच्छा अच्छा, बघतो मी," तो म्हणाला. बघतो म्हणायची सवय त्यानं कुठून घेतली ते सांगायला नको.

गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते. मी टपावर चढून तांब्या काढला, पैठणीची घडी करून खाली दिली. मैदान रिकामं झालं होतं. मी विचारलं, "तुला जायचं होतं, तर इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" पैठणीवरचा धुळीचा डाग झटकत ती म्हणाली. "त्या बाईनं विचारलं. तुम्हाला मुनिरका सोडायचं नव्हतं, चैतन्यला आपल्याला न्यायचं होतं. तुम्ही दोघं घरावरून भांडत होतात. मला घर कुठलंही चाललं असतं हो. मला जिना नको होता आणि चूल हवी होती."

घरोघरी मातीच्या चुली, असं आपण म्हणतो, पण ती चूल कुणाची ते कुणी विचारत नाही. मी खाली उतरलो. मला तिचा राग आला होता आणि माझाही आला होता. दोन्ही राग गिळायला कडुलिंबाचा पाला हाताशी होताच, तो चावला. पाडव्याला तो खातातही.

दुसऱ्या दिवशी पुढे पालमपूरच्या बाजूला बर्फ दिसला. लांब, उंच, डोंगराच्या माथ्यावर. अलकनंदा खिडकीत चहा करत होती. तिनं कप हातात धरून खूप वेळ पाहिलं. "मला वाटलं होतं हात लागेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण छान आहे. चला, आता परत फिरा." फिरण्याचीच तर पंचाईत होती. मला मागे घेता येत नव्हतं आणि रस्ता चिंचोळा. शेवटी लाल झेंडेवाली एक टोळी आली. त्यांनी कालची माताजी ओळखली, ट्रेलर हुकातून सोडवला, "जय माता दी" म्हणत हातांनी फिरवला आणि परत जोडून दिला. माझ्या अख्ख्या नोकरीत माझा एवढा मोठा प्रश्न एवढ्या लवकर कुणी सोडवला नव्हता.

मुनिरक्याचा फ्लॅट आता चार मराठी पोरांना भाड्यानं दिलाय आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर झोपतो. ट्रेलर खाली व्हिजिटर पार्किंगमध्ये उभा आहे. सोसायटीच्या कमिटीनं पहिल्याच आठवड्यात लेखी हरकत घेतली. मी त्यांना उत्तर लिहिलं, त्यात नियमाचा खुलासा मागवला. त्यांनी खुलासा केला, मी त्या खुलाशाचा खुलासा मागवला. आता प्रकरण विचाराधीन आहे. मी जिवंत असेपर्यंत ते विचाराधीन राहील. आयुष्यभर हेच एक काम मी उत्तम केलंय आणि ते अखेर घरच्यांच्या उपयोगी पडलं.

सकाळी अलकनंदा लिफ्टनं खाली जाते आणि झडप वर उचलते. ती बसत नाही. स्टूल तिनं गेटवरच्या गार्डला देऊन टाकलं. थालीपिठं लावते, पोहे करते. गार्ड येतात, ड्रायव्हर येतात, धुणीभांडी करणाऱ्या बायका येतात. शाळेची बस येईपर्यंत देवयानी आणि तिच्या मैत्रिणी येतात. रेवती ऑफिसला जाताना पर्स काखेत धरून उभ्या उभ्या खाते आणि एकदा चकल्या कशा पाडायच्या तेही विचारून गेली. चैतन्य रांगेत उभा राहत नव्हता, आता राहतो. माताजी कुणी म्हणत नाही. सगळे आंटी म्हणतात.

परवा मीही रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा मी फळीवर हात टेकले आणि तिला विचारलं, "अलके, इथं तुला बरं वाटतंय ना?"

एवढी वर्षं लागली होती मला हे विचारायला. तिनं माझ्याकडे पाहिलं, तव्यावरचं थालीपीठ उलथलं.

"मागे लोक खोळंबलेत," ती म्हणाली. "प्लेट घ्या आणि सरका."

मी प्लेट घेऊन सरकलो. कट्ट्यावर बसून थालीपीठ मोडलं तर आत लपवलेला लोण्याचा गोळा होता, चांगला लिंबाएवढा.